ऑफिसच्या वाटेवरची मजा: जपानी, कापड आणि एका दिवसाची सहल कशी जमवायची

आधीच सांगून टाकते, रविवारी करू म्हणून मागे ठेवलेली कुठलीच मजा होत नाही. रविवारी दळण असतं, कपाट असतं, कोणाचं तरी बारसं असतं आणि दुपारी जरा आडवं व्हावं म्हटलं की डायरेक्ट पाचचा चहाच होतो. त्यामुळे माझा एकच नियम आहे, जे काही स्वतःसाठी करायचंय ते रोजच्या वाटेवर बसवायचं, म्हणजे घर ते स्टेशन ते ऑफिस या पट्ट्यात, आणि वाटेवर नसेल तर मग सरळ रजा टाकून करायचं, मधलं काही नाही. मी डोंबिवलीवाली, ऑफिस फोर्टात, त्यामुळे खालचं सगळं सेंट्रल लाइनच्या हिशोबाने लिहिलंय, पुणेकरणींनी मंगळदास या कापडबाजाराच्या जागी लक्ष्मी रोड वाचावं, नागपूरवाल्यांनी सीताबर्डी.

आधी पैशाचं

घरखर्चाच्या खात्यातून स्वतःसाठी काही घेतलं की उगाच मनात हिशोब सुरू होतो, याच्यात मुलाची फी, याच्यात गॅस. म्हणून दुसरं एक साधं खातं काढा, मिनिमम बॅलन्सची कटकट नसलेलं, पगार झाला की त्याच दिवशी ठरलेली रक्कम तिकडे आपोआप जाईल असं लावून ठेवा आणि यूपीआय त्याच खात्याला जोडा. रक्कम पाचशे असो की पाच हजार, ती संपेपर्यंत कोणाला विचारायचं नाही, संपली की पुढच्या महिन्यापर्यंत गप्प. नवऱ्याला, सासूबाईंना काय सांगायचं हे तुमचं तुम्ही बघा, मी तर "माझं खातं" एवढंच सांगितलंय आणि अजून तरी कोणी पुढे विचारलेलं नाही.

लोकलमध्ये जपानी

भाषा कुठलीही घ्या, कन्नड घ्या, बंगाली घ्या, फ्रेंच घ्या. मी जपानीबद्दल लिहिते कारण एक तर ती मी शिकतेय आणि दुसरं म्हणजे मराठी माणसाला ती वाटते तेवढी परकी नाही, हे कोणी सांगतच नाही. त्यांच्या बाराखडीची क्रमवारी बघा. आधी स्वर अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेसारखीच चाल आहे ना? संस्कृत आणि ती लिहायची जुनी सिद्धम लिपी शिकलेल्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून ती तिकडे रुजली. "हा"ची ओळ मधेच "मा"च्या आधी कशी आली असं वाटेल, तर तो ह जुन्या काळी प होता, म्हणून प च्या जागी बसलाय. एवढं एकदा कळलं की पाठांतर निम्मं होतं.

दुसरं म्हणजे वाक्यरचना. क्रियापद शेवटी, आणि आपण जसं ऑफिस"ला", घरा"त", बस"ने" लावतो तसे त्यांचेही छोटे तुकडे शब्दाच्या मागेच लागतात. इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्या व्हिडिओत यावर अर्धा तास डोकं खातात, तुम्ही तो भाग पुढे ढकला आणि मनात मराठी वाक्य धरून शब्द बदलत जा. उच्चारातही फायदा, त्यांचं "त्सु" म्हणजे आपल्या चुन्यातल्या च च्या अगदी शेजारचं. फक्त ल नाही त्यांच्याकडे, र वरच भागवतात.

आता गाडीत कसं बसवायचं. सकाळी उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब, तेव्हा फक्त ऐकायचं. घरच्या वायफायवर आदल्या रात्री ऑडिओ डाउनलोड करून ठेवा, जपानच्या एनएचके वर्ल्ड या वाहिनीचे धडे फुकट आहेत आणि छोटे आहेत, साधारण दोन स्टेशनांत एक संपतो. इअरफोन एकाच कानात घाला, दुसरा कान अनाउन्समेंटला आणि "उतरायचंय का?" विचारणाऱ्या बाईला मोकळा पाहिजे. दारात उभ्या असाल तर मोबाइल बाहेर काढूच नका, तोंडातल्या तोंडात म्हणत राहा, लेडीज डब्यात कोणी बघत नाही, निम्म्या जणी पोथी वाचत असतात आणि उरलेल्या फोनवर भांडत असतात.

संध्याकाळी सीएसटीहून बसायला मिळतं (किंवा चौथी सीट तरी), तेव्हा लिहायचं. जपानीच्या दोन अक्षरमाला, हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६. रोज पाच म्हटलं तरी दहा दिवसांत हिरागाना होते, चौकटीची वही घ्या, चौथीतल्या गणिताची असते ती. पहिल्या आठवड्यानंतर देवनागरीत लिहून पाठ करणं बंद करा, नाहीतर डोळा कायम तिकडेच जातो आणि जपानी अक्षरं नुसती नक्षी होऊन बसतात. शब्दांसाठी अँकी नावाचं अॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं, ते विसरायच्या बेताला आलेला शब्द बरोबर पुढे आणून टाकतं. एका दिवसात नवीन शब्द दहाच्या वर घेऊ नका, पुढच्या आठवड्यात उजळणीचा ढीग साठतो आणि मग अॅप उघडायचीच भीती वाटते.

परीक्षा द्यायची का? द्या, पण मजेपुरती. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुणे-मुंबई दोन्हीकडे सेंटर असतं, पाच लेव्हल, सगळ्यात सोपी एन५. १८० पैकी ८० ला पास, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ आणि भाषा-वाचनात १२० पैकी ३८ हे वेगवेगळे मिळालेच पाहिजेत, एकात भरपूर आणि दुसऱ्यात कमी असं चालत नाही. बोलायची परीक्षा नाहीच, सगळे पर्याय निवडायचे. गाडीत ऐकून ऐकून कान तयार होतो त्यामुळे नोकरीवाल्या बायकांचा ऐकण्याचा भाग बरा जातो असं माझं मत. फॉर्म काही महिने आधी निघतात आणि सीट भरतात, तेवढं लक्ष ठेवा.

"जपानला जाणार आहेस का?" हे सगळे विचारतील. नाही म्हणायचं. गाणं शिकणाऱ्या बाईला कोणी विचारतं का, की सवाई गंधर्वला गाणार आहेस का? (पुण्यात विचारत असतील म्हणा.)

लंच टाइमचा उरलेला वेळ

डबा वीस मिनिटांत संपतो, उरलेला वेळ डेस्कवर रील्स बघण्यात जातो. फोर्टात असाल तर आठवड्यातून एकदा जहांगीर आर्ट गॅलरीत जा, १९५२ पासून आहे, तिकीट नाही, एसी आहे, आणि चित्रं दर आठवड्याला बदलतात त्यामुळे तेच तेच नाही. चित्रातलं कळत नाही म्हणून लाजायचं नाही, दोन हॉल फिरा, एक आवडलेलं लक्षात ठेवा, परत या. तुमच्या ऑफिसजवळ असं काही नसेल तर महापालिकेची बाग, लायब्ररी, काहीही चालेल, फक्त ऑफिसच्या ग्रुपबरोबर जाऊ नका, तिथेही अप्रेजलचंच बोलणं होतं.

मंगळदासात शिरायच्या आधी

सीएसटीहून चालत दहा-बारा मिनिटं, क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे मंगळदास मार्केट. रविवारी बंद असतं, म्हणून शनिवारी अर्धा दिवस असेल तर शनिवार, नाहीतर ऑफिस सुटल्यावर लगेच, फार उशीर केला की माल आत जायला लागतो. तयार कुर्ता ऑनलाइन मिळतो हो, पण कापड हातात घेऊन बघायचं जे सुख आहे ते वेगळं, आणि मापात शिवलेल्या कुर्त्याला खिसा असतो. हा खिसा टेलरला दोनदा सांगावा लागतो, लिहून द्या.

जायच्या आधी टेलरला विचारा किती लागेल, आणि दुकानात पहिला प्रश्न पन्हा (कापडाची रुंदी) किती हा विचारा, मग भाव. ४४ इंची पन्हा असेल तर गुडघ्याखालच्या कुर्त्याला साधारण अडीच मीटर होतं, ३६ चा असेल तर जास्त घ्यावं लागतं, त्यामुळे मीटरला स्वस्त दिसणारं कापड शेवटी महागच पडतं. कॉटन आटतं म्हणून पाव मीटर वाढीव घ्या आणि टेलरकडे द्यायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा, हे टाळलं की पहिल्या धुण्यातच कुर्ता धाकट्या बहिणीचा होतो.

रंग जातो का बघायला ओला रुमाल किंवा ओलं बोट कापडाच्या कोपऱ्यावर घासा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. अजरख, बगरू म्हणजे हाताने ठसे मारून छापलेलं कापड म्हणून जे विकतात त्यात अर्ध्याहून जास्त मशीनचं छापील असतं असा माझा अंदाज, ठशाचं खरं काम ओळखायचं तर ठसे जुळतात तिथे बघा, कुठेतरी किंचित सरकलेलं, कुठे रंग जाड कुठे पातळ असतं, मशीनचं अगदी एकसारखं. मशीनचं घेऊच नये असं नाही, फक्त ठशाचे पैसे देऊ नका. सिल्कला सिल्क मार्कचं लेबल आहे का बघा, आणि सुटं कापड असेल तर एक धागा काढून घरी जाळून बघा, खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

भावाचं म्हणाल तर फिक्स रेटची पाटी असेल तिथे घासाघीस करून स्वतःचा आणि त्यांचा वेळ घालवू नका. बाकी ठिकाणी आधी दोन दुकानांत नुसतं विचारून या, तिसऱ्यात घ्या, आणि एकाच दुकानातून दोन-तीन पीस घेतले तरच भाव नीट उतरतो, म्हणून मैत्रिणीला घेऊन जा. एकच मैत्रीण. चौघी गेल्या की कापड राहतं आणि नुसती भेळ होते. अस्तर आणि ब्लाउजचं टू बाय टू तिथे घेऊ नका, ते आपल्या स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये दिवसाच्या उजेडात घ्या, ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि बॉटलग्रीन एकच दिसतात. दिवाळीचं शिवायला टाकायचं असेल तर गणपतीच्या आधी टाका, नंतर टेलर फोन उचलत नाही.

गाडीतल्या क्लिपा, कानातले, पिना, ते वेगळं खातं, त्याला नियम नाहीत.

एकटीची सहल, एका दिवसाची

पहिल्यांदा एकटं जायचं तर माथेरान. कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, आणि तिथून पुढे खाजगी गाड्यांना बंदी, त्यामुळे एकटी बाई रस्त्याने रमतगमत चालली तरी मागून हॉर्न नाही, हे सुख आपल्याला दुसरीकडे कुठे मिळतं सांगा. मिनी ट्रेन १९०७ ची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली, रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. नेरळपासून पूर्ण वर जायला दोन तासांच्या वर लागतात आणि फेऱ्या मोजक्या, पावसाळ्यात तर नेरळची गाडी बंदच असते, फक्त दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल चालते. मी म्हणेन जाताना टॅक्सी आणि शटल करा. सगळे पॉइंट उरकायला जाऊ नका, शार्लोट लेक आणि लुइसा पॉइंट पुरे, बाकीचा वेळ झाडाखाली वही घेऊन बसा. माकडांपासून पिशवी सांभाळा, खाऊ बाहेर दिसला की गेला. येताना चिक्की आणि चामड्याची चप्पल, चप्पल दोन्ही पायांत घालून चालून बघा, लाल मातीत बरी वाटलेली लादीवर घसरू शकते. रविवारी मात्र जाऊ नका, मधल्या वारी रजा टाका.

गाडीपेक्षा एसटी आवडत असेल तर अजून स्वस्त. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे, साध्या लालपरीपासून शिवनेरीपर्यंत. राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीला सवलत आपल्या हद्दीपर्यंतच, आणि बेस्टसारख्या शहरातल्या बसना ती लागू नाही, उगाच कंडक्टरशी वाद नको. कल्याणहून माळशेज घाटाने आळेफाटा-जुन्नरकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, खिडकीची सीट पकडा, घाट बघा, जुन्नरला उतरून शिवनेरी किल्ला चढा, परत या. पावसाळ्यात घाटात मधेच उतरून धबधब्याखाली एकटीने जायचं नाही, गाडीतूनच बघायचं.

परतीची गाडी आधी ठरवा आणि मगच जायची, शेवटची नाही, शेवटच्या आधीची पकडायची असं धरून चाला. घरी एकाच माणसाला कुठे जातेय ते सांगा, लाइव्ह लोकेशन त्यालाच द्या, फॅमिली ग्रुपवर टाकलंत तर दिवसभर उत्तरंच देत बसाल. रेल्वेत काही झालं तर १३९, इतर कुठेही ११२. पाणी पिणं कमी करू नका, त्यापेक्षा बाथरूम कुठे बरं आहे ते आधी हेरून ठेवा, मोठ्या हॉटेलात चहा घेतला की प्रश्न मिटतो.

रात्रीच्या लांबच्या गाडीने जायचं असेल तर रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं), त्यामुळे जानेवारीत कॅलेंडर आलं की जोडून येणाऱ्या सुट्ट्यांवर गोल करा आणि प्रत्येकाच्या ६० दिवस आधीच्या तारखेला मोबाइलमध्ये अलार्म लावा, सकाळी आठला बुकिंग सुरू होतं आणि त्या वेळी आपण नेमक्या डबे भरत असतो, म्हणून पासवर्ड आणि प्रवाशांची यादी आदल्या रात्रीच भरून ठेवा. पंचेचाळिशी ओलांडलेल्या असाल आणि एकट्याच जात असाल तर लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, वय भरताना एक-दोन वर्षं कमी लिहायची सवय असेल तर इथे ती सोडा.