जुन्या गाडीचा ढिला गिअर लिव्हर कसा दुरुस्त करावा

न्यूट्रलमध्ये लिव्हर डावी-उजवीकडे हलतो, तो हलायलाच हवा. ढिलाई बघायची ती गाडी गिअरमध्ये असताना. इंजिन बंद ठेवून तिसरा गिअर टाका आणि मूठ दोन बोटांनी हलवून पाहा. ती सैल डुगडुगत असेल, गिअर नीट पडला की नाही हे हाताला कळत नसेल, तर दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो: लिव्हरच्या बुडाशी किंवा लिंकेजच्या (लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या रॉड वा केबलच्या) सांध्यांत बसवलेल्या नायलॉन वा रबराच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या छोट्या अस्तरात. लिव्हर ज्या बॉलवर (गोळ्यावर) फिरतो त्याच्या खाली तो 50 मिमी आणि वर 250 मिमी असेल, तर बुडाशी 1 मिमी झीज झाली की मूठ 5 मिमी हलते. चार सांधे थोडे थोडे झिजले तरी सगळ्यांची बेरीज हातात येते.

आधी दोन गोष्टी बाजूला काढा. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना लिव्हर पुढे-मागे उडत असेल, तर इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग (रबरी आधार) फाटलेलं असण्याची शक्यता जास्त. गिअर टाकताना करकर आवाज येत असेल तर क्लच किंवा सिंक्रो (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणारी कडी) तपासा; बुश बदलून तो आवाज जाणार नाही.

आता प्ले (ढिलाई) नेमका कुठे आहे ते शोधा. सुटे भाग त्यानंतरच आणा. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. सायलेन्सरचा पाइप गार होऊ द्या. इंजिन बंदच ठेवून आत बसलेल्या माणसाला लिव्हर हळूहळू हलवायला सांगा आणि खालून एकेक सांधा बघत जा. बोट असं ठेवा की ते सांध्याच्या दोन्ही भागांना टेकेल. एक भाग आधी हलला आणि दुसरा उशिरा, तर झीज तिथेच आहे. डोळ्यांना न दिसणारी फटही बोटाला लगेच कळते.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांत लिव्हर थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, मूठ फिरवून काढा, कन्सोल आणि रबरी बूट वर घ्या. उघडण्याआधी भोवतीची धूळ-वाळू ब्रशने पूर्ण झाडा, कारण तिथून पडलेला खडा थेट गिअरच्या दात्यांत जातो. मग सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) किंवा बोल्ट काढून लिव्हर सरळ वर ओढा आणि भोक स्वच्छ फडक्याने झाका. जुना बुश तुटला असेल तर त्याचे तुकडे जुळवून पाहा. एखादा कमी भरला तर तो आत पडला आहे; नायलॉनला चुंबक लागत नाही, तो चिमट्यानेच काढावा लागेल. लिव्हरचा बॉल कॅलिपरने दोन-तीन दिशांनी मोजा. मापं वेगवेगळी आली तर बॉल अंडाकृती झिजलाय, आणि त्यावर नवा बुश फार काळ टिकणार नाही. अशा वेळी लिव्हरही बदला.

नायलॉनचा नवा बुश जात नसेल तर गरम पाण्यात काही मिनिटं ठेवा, मऊ होऊन सहज बसतो. हातोडीने ठोकू नका. चीर पडते आणि ती गाडी चालवल्यावरच कळते.

रॉडचं लिंकेज असेल तर काम जरा वेळखाऊ. क्लॅम्पचा बोल्ट सोडण्याआधी रॉड आणि क्लॅम्प दोन्हींवर रंगाची आडवी खूण करा. ही खूण करायची राहिली तर नंतर गिअर जुळवत तासभर जातो. रोल पिन (स्प्रिंगसारखी दाबून बसणारी पोकळ पिन) योग्य मापाच्या पंचानेच ठोकून काढा आणि बसवताना नवीन वापरा, जुनीचा ताण गेलेला असतो. बुश व्हाइसमध्ये सॉकेटच्या आधाराने दाबून बसवा. बुशच्या आतली स्टीलची नळी विसरू नका. ती नसेल तर बोल्ट आवळताच बुश चेपतो आणि लिव्हर जड होतो. एका रॉडचे सगळे बुश एकदमच बदला, कारण एकच नवा लावला की फरक जेमतेम जाणवतो. केबलच्या गाड्यांत झिजतात ते टोकांचे प्लॅस्टिकचे सॉकेट. ते काही गाड्यांत सुटे मिळतात, काहींत पूर्ण केबलच घ्यावी लागते.

रबर आणि पॉलियुरेथेनच्या बुशला सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगतं. धातूच्या बॉलला लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरतो. फाटका रबरी बूट मात्र परत लावू नका. तो फाटला की चिखल-पाणी आत जातं आणि नवा बुशही लवकर झिजतो. टेप गुंडाळणं किंवा वॉशर कोंबणं हे उपाय टाळाच: ते निसटले की गाडी चालू असताना गिअर अडकू शकतो.

जोडणी करताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, लिव्हर मधोमध, आणि खुणा जुळवून मगच क्लॅम्प आवळा. टॉर्क त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. इंजिन बंद ठेवून रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून पाहा. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला लिव्हर कन्सोलला टेकत तर नाही ना, हे खास बघा. टेकत असेल तर गिअर पूर्ण आत जात नाही आणि चालत्या गाडीत निसटतो. तसं दिसलं तर क्लॅम्प सोडून लिव्हर किंचित पुढे घ्या, पुन्हा आवळा आणि पहिल्या-तिसऱ्या गिअरला पुढच्या बाजूला जागा उरते का तेही तपासा.