बाहेरगावाहून येऊन लक्ष्मी रोड कसा फिरायचा

आमच्या परभणीकडचं कोणी ना कोणी वर्षातनं दोनतीनदा तरी बस्ता बांधायला पुण्यात येतंच, आणि त्यांना लक्ष्मी रोडला न्यायचं काम माझ्याकडे असतं. मला ते मनापासून आवडतं. दरवेळी फोनवर तेच तेच सांगावं लागतं म्हणून यावेळी सगळं नीट लिहूनच काढते.

पहिली गोष्ट, गाडी आणू नका. खरंच नका आणू. रस्ता वन वे आहे, सगळी वाहनं सोन्या मारुती चौकाकडून अलका टॉकीजच्या दिशेने जातात, एखादं दुकान मागे राहिलं की परत यायला केवढा तरी वळसा पडतो आणि तोवर गाडीतल्या माणसांची भांडणं सुरू झालेली असतात. आता मेट्रो झालीये. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला तेव्हापासून मंडई स्टेशनला उतरलं की काम झालं. एसटीने स्वारगेटला उतरलात तर तिथून एकच स्टेशन. रेल्वेने आलात तर पुणे स्टेशनहून मेट्रो घ्या, सिव्हिल कोर्टला बदला आणि मंडई. म्हातारं माणूस बरोबर आहे, गाडीशिवाय इलाजच नाही, असं असेल तर मंडईजवळच्या आर्यन किंवा मिनर्व्हाच्या पार्किंगला लावा (ही जुन्या थिएटरांची नावं आहेत, लोक अजून तीच वापरतात) आणि पुढचं सगळं पायी.

मंडई स्टेशनच्या बाहेर आलात की आधी पाच मिनिटं मंडईची इमारतच बघा. मधला उंच अष्टकोनी मनोरा आणि खाली भाजीचे गाळे. १८८६ सालची आहे, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. नगरपालिकेत सदस्य असताना जोतिराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा आधी शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पुढे मंडईला नाव त्यांचंच दिलं गेलं. पाहुण्यांना मी हे दरवेळी सांगते.

मंडईतून तुळशीबाग आणि तुळशीबागेतून लक्ष्मी रोड, असं चालत गेलं की रस्ता आपोआप सापडतो. पण खरेदीचा क्रम उलटा ठेवा. आधी लक्ष्मी रोडवरची मोठी खरेदी म्हणजे साड्या आणि सोनं, तुळशीबाग शेवटी. कारण तुळशीबागेत एकदा हात घातला की क्लिपा, टिकल्या, गाळण्या, रांगोळीचे छाप असं करत करत दोन तास कसे जातात कळत नाही आणि मग साड्यांच्या दुकानात पोचेपर्यंत सगळे दमलेले, आणि दमलेल्या माणसाने साडी घेऊ नये, घरी गेल्यावर रंग आवडत नाही. सकाळी दुकानं उघडताना पोचलात तर फारच छान, सेल्समनला वेळ असतो आणि तो मनापासून दाखवतो.

साड्यांसाठी बेलबाग चौक ते कुंटे चौक आणि पुढे विजय टॉकीजपर्यंतचा पट्टा धरा. पहिल्या दुकानात काहीही घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. तीन दुकानं बघायची, भाव आणि रंग मोबाईलमध्ये टिपून ठेवायचे, मग कुठेतरी चहा घेऊन ठरवायचं. गादीवर बसल्यावर बजेट आधीच स्पष्ट सांगा, लाजू नका, नाहीतर तो भराभर घड्या मोडत चाळीस साड्या समोर टाकतो आणि एवढं दाखवलंय तर काहीतरी घ्यायला हवं असं आपल्यालाच वाटायला लागतं. तसं काही नसतं हो, घड्या घालणं त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

पैठणी घेणार असाल तर एक गोष्ट कराच, पदर उलटा करून बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरचे मोर, वेली, कमळं मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच नीट दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा जागच्या जागी एकमेकांत अडकवून विणलेला असतो. मागे धाग्यांचं जाळं लोंबत असेल किंवा कापलेल्या धाग्यांची टोकं लागत असतील तर ती मशीनवरची. वाईट नाही, पण मग भावही तसाच पाहिजे. माझ्या चुलत बहिणीच्या बस्त्यात एका दुकानाने हातमागाची म्हणून सांगितलेली पैठणी घरी येऊन उलटी केली तर मागे सगळे सुटे धागे, आणि बिलावर नुसतं ‘साडी’ लिहिलेलं, भांडायला काही हातातच नव्हतं. मामींना त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणून बिलावर हातमाग, प्युअर सिल्क असं लिहूनच घ्या आणि सिल्क मार्कचं लेबल आहे का बघा.

सोन्याचं थोडक्यात सांगते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर लागतो, तो बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती येते, दुकानातच बसून तपासा. २२ कॅरेट असेल तर ९१६ हा आकडा दिसतो. घडणावळ किती टक्के ते आधी विचारा, आणि मोती-खड्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना ते बघा, विशेषतः तन्मणी आणि नथीच्या बाबतीत.

घासाघीस कुठे करायची हेही सांगते. मोठ्या दुकानांमध्ये बहुतेक एकच भाव असतो, तिथे फार ताणू नका, जास्त साड्या असतील तर ‘बस्ता आहे, काहीतरी कमी करा’ एवढं म्हणा. तुळशीबागेतल्या स्टॉलवर मात्र बिनधास्त भाव करा. फक्त भाव ठरल्यावर मागे फिरू नका, ते त्यांना फार लागतं.

तुळशीबागेत माझी आवडती जागा म्हणजे भातुकलीची दुकानं. बोटभर उंचीचा पितळी बंब, रुपयाएवढं जातं, खलबत्ता, इवलीशी पळी, आणि ते जातं नुसतं शोभेचं नाही, त्याचा खुंटा धरून फिरवलं की वरची पाळ खरंच फिरते. गेल्या वर्षी आमच्या आत्या, वय ७२, ते जातं तळहातावर घेऊन किती तरी वेळ फिरवत उभ्या होत्या आणि मग नातीसाठी म्हणून घेतलं, पण आता ते त्यांच्याच देवघरात आहे. आतल्या बाजूला पेशवाईतलं राममंदिर आहे, नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं, बाहेर एवढा कलकलाट आणि आत गेलं की शांत. पाय दुखत असतील तर तिथे टेका.

भूक लागली की तिथल्याच श्रीकृष्ण भुवनची मिसळ खा, उन्हाळा असेल तर कावरेंचं आइस्क्रीम. बाजीराव रोडवर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा आहे, त्याची लाकडी कोरीव कामाची गॅलरी रस्त्यावरूनच दिसते, मान वर करून बघत चला.

कधी येऊ नये? दिवाळीच्या आधीचा शेवटचा रविवार. आणि अनंत चतुर्दशीला खरेदीचं नावच काढू नका, मानाचे पाच गणपती याच रस्त्याने जातात, त्यात तुळशीबागेचा चौथा, त्या दिवशी फक्त मिरवणूक बघायला या. ११ डिसेंबरला मात्र जमलं तर जरूर या, २०२१ मध्ये महापालिकेने त्या तारखेला पादचारी दिन म्हणून नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग गाड्यांना बंद ठेवला होता आणि लोक रस्त्याच्या मधून आरामात चालत होते. वर्तमानपत्रात तारीख बघून घ्या.

येताना दोन मोठ्या कापडी पिशव्या, पाण्याची बाटली आणि ज्या साडीवर ब्लाउज मॅच करायचाय ती साडीच घेऊन या, फोटोत रंग वेगळा दिसतो. आणि परतीला सामान जास्त झालं तर अलका चौकापर्यंत चालत जाऊन रिक्षा करा, मधे गर्दीत थांबवू नका.