व्हिएतनाम स्वतः प्लॅन करताय?
आधी नकाशा उघडा, देश नुसता उभा लांबडा आहे, म्हणून मुंबईहून उत्तरेला हनोईत उतरायचं, मधे दा नांग-होई आन आणि परतीचं तिकीट दक्षिणेच्या हो ची मिन्ह सिटीवरून, उगाच मागे यायची कटकट नाही. ई-व्हिसा सरकारी साइटवरच काढा, सिंगल एंट्री २५ डॉलर. हनोईजवळच्या ‘हा लाँग बे’ या खाडीतली क्रूझ तेवढी आधी बुक करा, पण हनोईत पोचलात त्याच दिवशीची नको, आणि रेटमध्ये पिकअप, जेवण, कयाक धरलंय का ते विचाराच, शाकाहारी असाल तर फिश सॉसपण नको हे मेसेजमध्ये लिहून द्या. हो ची मिन्ह सिटीजवळची कू ची टनेल्स (युद्धातले भुयारी मार्ग) बघायचं बुकिंग तिथल्या हॉटेलवाल्याकडून होतं, अर्धा दिवस बास. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर मधल्या भागात धो धो पाऊस असतो हां, तेव्हा होई आन सरळ कटाप!