जुन्या सर्व्हरची रेड 5 डिस्क बदलताय? ‘फॉरेन’ दिसलं की हात आवरा

हे डेलच्या पॉवरएज टी 610, आर 710 च्या जमान्यातल्या मशीनसाठी आहे. आत पर्क एच 700 कार्ड (डिस्क सांभाळणारं कंट्रोलर), तीन-चार डिस्कचं रेड 5 (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी डिस्कची जोडणी, म्हणजे अ‍ॅरे), वर टॅली नाहीतर कुठलंतरी जुनं बिलिंग. नागपुरात इतवारी-गांधीबागच्या दुकानांत, हिंगण्याच्या एमआयडीसीत असे सर्व्हर अजून मस्त चालू आहेत, आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की यांच्या डिस्क टपकायला लागतात. मग कोणीतरी व्हिडिओ पाहून येतो आणि सांगतो, “काही नाही भाऊ, खराब काढायची, नवी टाकायची, झालं.” तेवढं काम पाच मिनिटांचंच आहे, पण डेटा जातो तो त्या पाच मिनिटांच्या आधी किंवा नंतर.

आधी बॅकअप. डिस्क बदलायच्या आधी म्हणतोय, नंतर नाही. एक डिस्क गेली तरी रेड 5 वरचा डेटा वाचता येतो, कार्ड पॅरिटीवरून (उरलेल्या डिस्कवरच्या जास्तीच्या नोंदी) हिशोब लावून देतं, फक्त स्लो. रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) मात्र उरलेली प्रत्येक डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचतो, आणि त्या डिस्क पण त्याच वयाच्या, तेवढ्याच उन्हाळ्यांत भाजलेल्या, त्यामुळे दुसरी बसायची असेल तर नेमकी तेव्हाच बसते. या मशीनला यूएसबी 2 आहे, सेकंदाला 30 एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे 1 टीबीला नऊ-दहा तास गेले. त्यापेक्षा गिगाबिट स्विचवरून दुसऱ्या पीसीवर कॉपी मारा, मोठ्या फायली असतील तर अडीच-तीन तासांत मोकळे व्हाल.

मग कोणती डिस्क ते नक्की करा. स्लॉटची मोजणी 0 पासून असते, त्यामुळे “डिस्क 2 गेली” म्हणजे तिसरी, आणि इथे लोक चांगली डिस्क उपटतात. डेलच्या ओपनमॅनेज सॉफ्टवेअरमध्ये ब्लिंकचा ऑप्शन आहे, तो दाबून दिवा बघा मगच कॅडीला (डिस्कचा ट्रे) हात लावा. केशरी दिवा भराभर लुकलुकत असेल तर डिस्क फेल. हिरवा, केशरी, बंद असं चाललं असेल तर ती अजून जिवंत आहे, फक्त जाण्याच्या मार्गावर आहे. अशा वेळी स्लॉट रिकामा असेल तर नवी डिस्क त्यात टाकून रिप्लेस मेंबर करा, जुनीवरून सरळ कॉपी होते आणि रिबिल्डची जोखीमच टळते. हे कोणी सांगत नाही, काय माहीत का.

आणि एक, बाकीच्या डिस्कचा मीडिया एरर काउंट (वाचता न आलेल्या जागांची मोजणी) बघून घ्या. शून्य नसेल तर रिबिल्डमध्ये पंक्चर होऊ शकतं, म्हणजे अ‍ॅरे ‘ऑप्टिमल’ दिसतो पण मधले काही ब्लॉक कायमचे गेलेले असतात, आणि मग अ‍ॅरे उडवून नव्याने बनवून बॅकअपवरून भरण्याशिवाय इलाज नाही. अदर एरर काउंट वाढलेला असेल तर डिस्कवर आळ घेण्याआधी केबल आणि बॅकप्लेन (डिस्क ज्यात बसतात तो बोर्ड) बघा.

नवी डिस्क तेवढ्याच साइजची किंवा मोठी. सास आणि साटा हे डिस्कचे दोन वेगळे प्रकार, सासच्या अ‍ॅरेत सास, साटाच्या अ‍ॅरेत साटा, मिसळ चालत नाही. बर्डीवर स्वस्तात मिळणारी डेस्कटॉपची डिस्क टाकू नका, एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती बराच वेळ त्याच्यातच अडकून बसते आणि कार्ड तिला मेली समजून बाहेर काढतं.

बदलणं: कॅडी थोडीशी ओढा, अर्धा मिनिट थांबा म्हणजे आतलं फिरणं थांबेल, मग पूर्ण काढा, नवी टाका. मशीन बंद करायची गरज नाही.

आता खरं प्रकरण. नवी टाकली आणि रिबिल्ड आपोआप सुरू झाला तर छान. पण कधी कधी तो सुरू होत नाही आणि डिस्कसमोर ‘फॉरेन’ असं येतं, किंवा लाइट जाऊन आल्यावर बूट होतानाच स्क्रीनवर फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलं असा मेसेज येतो, आणि खाली दोन रस्ते असतात, इम्पोर्ट आणि क्लिअर. हे समजून घ्यायला मला स्वतःला लई वेळ लागला, कारण जो तो एकच उत्तर ठोकून देतो.

प्रत्येक डिस्कवर कार्ड अ‍ॅरेची कुंडली लिहून ठेवतं, आणि तीच माहिती कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतही असते. दोन्ही जुळल्या नाहीत की डिस्क फॉरेन. म्हणजे फॉरेन ही खराबी नाहीच, कार्ड फक्त विचारतंय की खरं कोणाचं धरू. क्लिअर म्हणजे डिस्कवरची कुंडली पुसा. सेकंडहँड डिस्क आणली, तिच्यावर दुसऱ्या कोणाच्या अ‍ॅरेचं लिहिलेलं आहे, तर क्लिअर बरोबर. पण क्लिअर एका डिस्कवर चालत नाही, त्या वेळी जेवढ्या डिस्क फॉरेन दिसतायत त्या सगळ्यांवर चालतं! म्हणून फॉरेनच्या यादीत ती एकच डिस्क असेल तरच दाबा. मी तर सेकंडहँड डिस्क आधी दुसऱ्या मशीनवर कोरी करूनच आणतो.

सगळ्या डिस्क एकदम फॉरेन झाल्या, म्हणजे कार्ड बदललं किंवा बॅकप्लेनची केबल हलली, तर इम्पोर्ट. आधी प्रिव्ह्यू बघा, व्हर्च्युअल डिस्क (विंडोजला दिसणारी ती एक मोठी डिस्क) पूर्ण दिसतेय का.

तिसरी केस सगळ्यात वाईट, दोन डिस्क वेगवेगळ्या वेळी पडतात. इतवारीच्या एका ठोक दुकानातली गोष्ट. एप्रिलमध्ये एक डिस्क गेली, केशरी दिवा लागला, कोणाचं लक्ष नाही. मे मध्ये दुसरी गेली, सर्व्हर बंद. त्यांच्या माणसाने बूट होताना उघडणाऱ्या कार्डाच्या कंट्रोल-आर मेनूत जाऊन हाताला लागली ती डिस्क फोर्स ऑनलाइन (जबरदस्तीने चालू) केली, ती नेमकी एप्रिलवाली. विंडोज चालू झालं, सगळे खुश. टॅलीत पार्ट्यांची नावं आली, व्हाउचर उघडले की कचरा, कारण एका डिस्कवरचं एप्रिलचं आणि बाकीच्यांवरचं मे चं. मग त्याने वरून विंडोजचं चेकडिस्क चालवलं आणि जे वाचलं असतं तेही त्याने ‘दुरुस्त’ करून टाकलं. मशीन माझ्याकडे आली तेव्हा काही राहिलंच नव्हतं.

तर नियम असा: जी शेवटी पडली तीच ऑनलाइन आणायची. जी आधी पडली ती कधीच फोर्स करायची नाही, तिच्या जागी नवी डिस्क आणि रिबिल्ड. आधी पडलेली स्लॉटमधून काढून, चिठ्ठी चिकटवून बाजूला ठेवा म्हणजे चुकूनही हात जाणार नाही. कोण आधी पडली ते कार्डाच्या इव्हेंट लॉगमध्ये सापडतं, पण तारखेवर विसंबू नका, या मशीनचा सीआर 2032 सेल मेलेला असतो आणि घड्याळ कुठल्या कुठे गेलेलं असतं. इव्हेंटचा क्रमांक बघा, तो खोटं बोलत नाही. ऑनलाइन आली की चेकडिस्क वगैरे काही नाही, पहिलं काम कॉपी. आणि इनिशियलाइज नावाच्या ऑप्शनकडे तर ढुंकूनही पाहू नका. क्रमच कळत नसेल तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे सगळ्या डिस्क स्लॉट नंबर लिहून द्या.

रिबिल्ड रेट (कार्डाची किती ताकद रिबिल्डला द्यायची) 30 टक्के असतो, तसाच राहू द्या. दिवसा काम चालू ठेवायचं तर वेळ लागेलच.

रिबिल्ड झाल्यावर कार्डाची बॅटरी तपासा. ती मेली की कार्ड राइट-थ्रूवर (सगळं थेट डिस्कवर लिहिणं) जातं आणि लोक “सर्व्हर स्लो झाला” म्हणून रॅम वाढवत बसतात. बॅटरी नसताना फोर्स राइट-बॅक (आधी कार्डाच्या मेमरीत लिहिणं) लावणारे पण आहेत, आपल्याकडे लाइट कशी जाते ते माहीत असून! नवी बॅटरी टाका.

सर्व्हरच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावू नका. हवा गार वाटते, पण ती ओल आणि धूळ दोन्ही घेऊन आत जाते. या मशीनला आत जाणारी हवा 35 डिग्रीपर्यंतच चालते, बाहेर 45 असताना एसीशिवाय ते होत नाही. एसी नसेल तर मे महिन्यात दुपारी सर्व्हर बंद ठेवलेला परवडला. आणि दुकान उघडणाऱ्या पोराला कॅडीचे दिवे दाखवून ठेवा, हिरवा असेल तर ठीक, केशरी दिसला की त्याच दिवशी फोन.