चित्र घराबाहेर पाठवताना: बांधाबांध, चलन आणि पावती

मे महिन्यात ॲक्रिलिकमधलं एक मोठं निळं आकाश मी बबलरॅपमध्ये गच्च गुंडाळलं, फुगे आतल्या बाजूला ठेवून, आणि टेंपोनं मुंबईला धाडलं. उघडलं तर आभाळभर गोल गोल वण! एका रसिकांनी ‘हे टेक्श्चर कसं साधलं?’ म्हणून विचारलंही. ॲक्रिलिक वाळलं तरी उन्हात मऊ पडतं आणि अंगाला लागेल त्याचा ठसा घेतं, हे मला तेव्हा कळलं. तैलरंगाचं दुखणं वेगळं. तो वरून सुकलेला दिसतो, पण थर जाड असेल तर आतून सुकायला सहा महिने, वर्षही लागतं.

बांधण्याआधी चित्राचे फोटो काढा: पुढून, मागून, चारही कोपरे जवळून. आधीचा ओरखडा असेल तर त्याचाही. मागे चौकटीच्या लाकडावर (कॅनव्हासवर नव्हे) पेन्सिलीनं नाव, शीर्षक, माध्यम, वर्ष आणि माप लिहा. मापात आधी उंची, मग रुंदी.

उचलताना दोन्ही हात चौकटीच्या दोन बाजूंना हवेत. मागून लाकूड आणि कॅनव्हास यांच्या फटीत बोटं गेली की पुढून उंचवटा येतो आणि पुढेमागे तिथेच रंग तडकतो. पुण्यात टिळक रोडवर स्कूटरमागे बसून तीन फुटी कॅनव्हास शिडासारखा धरलेली मुलं दिसतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. सरळ टेंपो करावा.

आता बांधाबांध. रंगाला लागून ग्लासिन कागद (गुळगुळीत, अर्धपारदर्शक असतो तो); मेण लावलेला बटरपेपर नको. मग चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या जाड टोप्या, म्हणजे पुढचा थर चित्रावर टेकत नाही. त्यावर बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. टेपचं टोक अर्धा इंच दुमडून ठेवा. समोरच्याला ते ओढून सोडता येतं, नाहीतर तो कटर घेऊन बसतो आणि कटर कुठवर जाईल याचा नेम नसतो. दोन चित्रं एकत्र बांधायची तर तोंडाला तोंड, मध्ये पुठ्ठा. काचेच्या फ्रेमवर मास्किंग टेपच्या पट्ट्या मारा, म्हणजे काच फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट असेल तर मात्र टेप लावू नका. टेंपोत चित्रं उभी ठेवा, आडवी टाकली की वर कुणीतरी काहीतरी ठेवतंच.

सामान पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतं. तुकडे घेण्यापेक्षा बबलरॅपचा अख्खा रोल घ्या. लांब पाठवायचं तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून फळ्या आणून सुताराकडून पेटी करून घ्या. झाकण स्क्रूचं हवं, खिळ्यांचं नको. पावसाळ्यात वरून प्लास्टिक लागतंच, पण पोचल्या दिवशीच ते काढायला सांगा, आत ओल कोंडली की बुरशी धरते.

चलन, म्हणजे चित्रं गॅलरीच्या ताब्यात देतानाचा कागद, दोन प्रतींत करा. त्यावर चित्रांची यादी, किमती, गॅलरीचं कमिशन, चित्रं कधी परत येणार, विक्रीचे पैसे किती दिवसांत मिळणार आणि वाटेत नुकसान झालं तर ते कुणाचं, हे सगळं हवं. गिऱ्हाइकाला सूट दिली तर ती कुणाच्या वाट्यातून जाणार, हेही. कमिशन विचारायला आपल्याला संकोच वाटतो, गॅलरीवाल्यांना सांगायला वाटत नाही. बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन भाड्यानं घेतलंत तर विक्री आणि बिल सगळं आपल्याच अंगावर. तिथेही घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगता तीच किंमत लावा.

प्रताधिकाराबाबत (म्हणजे कॉपीराइटबाबत) एक गैरसमज पक्का आहे: चित्र कुणासाठीही काढलं तरी तो आपलाच. स्वतःहून काढलेलं चित्र विकलं तरी त्याचा प्रताधिकार चित्रकाराकडेच राहतो. पण कुणी पैसे देऊन आजोबांचं पोर्ट्रेट काढून घेतलं, तर १९५७ च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, प्रताधिकाराचा पहिला मालक ते काढून घेणारा. मग आपल्याच चित्राचं कार्ड छापायलाही त्याची परवानगी लागते. म्हणून ॲडव्हान्स घेतानाच, काम सुरू करण्याआधी, पावतीवर लिहा: ‘या चित्राचा प्रताधिकार चित्रकाराकडे राहील.’ खाली तारीख आणि दोघांच्या सह्या.