कॅराव्हॅन घेऊन इटलीच्या टाचेपर्यंत

पंधरा ऑगस्टची सुट्टी इटलीतही असते. तिकडं तिला फेर्रागोस्तो म्हणतात, आणि तिच्या आगेमागे आठ-दहा दिवस अख्खा देश समुद्रावर आलेला असतो. आम्ही म्युनिकजवळ राहतो आणि कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन तिकडं जातो. पहिल्या वर्षी शाळेला सुट्टी लागल्या लागल्या निघालो आणि नेमके त्या जत्रेत सापडलो. आता ऑगस्टचा शेवटचा आठवडा उजाडल्याशिवाय घर सोडत नाही. बायर्नच्या, म्हणजे आमच्या राज्यातल्या, शाळा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, इटालियन मंडळी तोवर कामावर परतू लागतात आणि समुद्र उन्हाळाभर तापून छान कोमट झालेला असतो.

सगळा किनारा एका फेरीत बघायचा हट्ट सोडा. नेपल्सच्या दक्षिणेचा अमाल्फीचा प्रसिद्ध किनारी रस्ता दिवसा कॅराव्हॅनला बंदच आहे, आणि तो रस्ता पाहिला की बंदी पटते. आम्ही पंधरा दिवसांत दोनच तळ टाकतो: टाचेच्या वर समुद्रात घुसलेल्या डोंगराळ गार्गानोत विएस्तेजवळ एक, खाली सालेंतोत, म्हणजे खुद्द टाचेत, ओत्रांतोजवळ दुसरा. एकदा कॅराव्हॅन सोडली की फिरायचं ते नुसत्या गाडीनं. गाडीसुद्धा जुन्या गावांच्या वेशीबाहेरच लावा. लाल गोल असलेली झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाची) पाटी ओलांडली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरपोच येतो. आमचा आलाय.

म्युनिक ते बारी साधारण 1200 किलोमीटर. मागं कॅराव्हॅन असली की इटलीत मोटरवेवर ताशी 80 आणि गावाबाहेरच्या इतर रस्त्यांवर 70 ची मर्यादा आहे, त्यामुळं वाटेत दोन मुक्काम धराच. साधं जर्मन बी (मोटारीचं) लायसन्स असेल तर गाडी आणि कॅराव्हॅन यांच्या कागदावरच्या कमाल वजनांची बेरीज 3500 किलोच्या आत हवी. सायकली मागच्या रॅकवर बांधणार असाल तर 50 बाय 50 सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी लावावी लागते. तांदूळ, डाळी, पाण्याचे कॅन खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवा. मागच्या कोपऱ्यात जड सामान गेलं की कॅराव्हॅन शेपूट हलवायला लागते. विएस्तेसाठी मोटरवे पोज्जो इम्पेरियालेला सोडायचा. पेस्किचीच्या पुढची वळणं मात्र सावकाश घ्या, आणि मुलांना वाटेत खायला देऊ नका.

पोचायची वेळ सांभाळा. बऱ्याच कॅम्पसाइटवर दुपारी दोनच्या सुमारास विश्रांतीसाठी फाटक बंद होतं आणि चारपर्यंत आत गाडी हलवता येत नाही. पहिल्या वर्षी आम्ही सव्वादोनला पोचलो आणि पावणेदोन तास फाटकाबाहेर उन्हात बसलो. त्याच वेळात आत कुकरच्या शिट्ट्याही करायच्या नसतात, हे मला शेजारच्या आजोबांनी हातवारे करून समजावलं. आता डाळ-भात साडेबाराला.

जागा निवडताना समुद्र दिसतो का, हे शेवटी बघा. आधी सावली. पाइनची झाडं असलेला भाग मागून घ्या. कॅराव्हॅनच्या बाहेरच्या अंगाला फ्रीजच्या जाळ्या असतात, ती बाजू दुपारनंतर सावलीत येईल अशी कॅराव्हॅन वळवा. गॅसवरही चालणारा हा फ्रीज घरच्या फ्रीजसारखा नसतो. कॅराव्हॅन एका अंगाला कललेली असली तरी तो धड गार होत नाही, म्हणून चाकाखाली फळ्या घालून पाणसळ लावून बघा. आमचं दोन किलो दही एकदा याच कारणानं गेलं.

विजेचा हिशोब हा माझा आवडता विषय. नवरा कंटाळतो, तुम्ही कंटाळू नका. खांबावर किती अँपिअर मिळतात ते बुकिंग करतानाच विचारा. दक्षिणेत तीन, चार किंवा सहा असं काहीही असतं. चार अँपिअर म्हणजे जेमतेम 900 वॅट. आपली चहाची किटली एकटी 2000 खाते, म्हणजे बटण दाबलं की फ्यूज उडाला. चहा, कुकर सगळं गॅसवर करा. जर्मन सिलिंडर तिकडं बदलून मिळेल या भरवशावर राहू नका, निघतानाच दोन भरलेले घ्या. कोळशाची शेगडी मात्र घरीच ठेवा. या सुक्या रानात आग क्षणात पसरते. 2007 च्या जुलैत पेस्किचीजवळच्या वणव्यात लोकांना समुद्रकिनाऱ्यावरून बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. म्हणून गाडीचं तोंड आम्ही नेहमी रस्त्याकडं ठेवतो.

स्वयंपाक कमी करायचा तर फ्रिसेल्ले आणा. कडक भाजलेला पाव, पाण्यात क्षणभर बुडवायचा, वर टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ. आमच्या घरी त्यावर हिरवी मिरचीही असते. आणि तिथं वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांची म्हणजे फावाची एक पांढरट घोटलेली भाजी मिळते, सोबत कडसर पालेभाजी. सासूबाईंनी चाखली आणि म्हणाल्या, "हे तर आपलं पिठलंच की!"

सालेंतोत दोन्ही बाजूंना समुद्र आहे, पूर्वेला आद्रियातिक आणि पश्चिमेला आयोनियन. सकाळी चहा होईपर्यंत वारा बघा. उत्तरेचा त्रामोंताना सुटला असेल तर आयोनियनकडं गाल्लीपोलीच्या बाजूला जा, आग्नेयेचा शिरोक्को असेल तर आद्रियातिकवर ओत्रांतोलाच राहा. वाऱ्याच्या पाठीकडचं पाणी तळ्यासारखं शांत असतं. रात्री झोपताना मात्र पुढची छत्रीवजा कनात गुंडाळून ठेवा, कितीही आळस आला तरी.

परतल्यावर छतावर पाइनची राळ चिकटलेली दिसेल. ती खरवडू नका. खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा.