रिअ‍ॅक्टमधला डेटा ठेवायचा कुठे? आधी मालक शोधा

रिअ‍ॅक्ट (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकणाऱ्याला "आधी रिडक्स शिकून घे" हा सल्ला हमखास मिळतो. रिडक्स म्हणजे अ‍ॅपचा डेटा सांभाळणारी वेगळी लायब्ररी. मला तो चुकीचा वाटतो. रिडक्स २०१५ साली आलं तेव्हा सगळा डेटा एका ठिकाणी ठेवण्याची सोय मोठी होती. २०१९ मध्ये रिअ‍ॅक्ट १६.८ सोबत हुक्स (साध्या फंक्शन कंपोनंटमध्येही स्टेट, म्हणजे बदलती माहिती, ठेवू देणारी फंक्शन्स) आले आणि चित्र पालटलं. आज बहुतेक पानांचं काम रिडक्सशिवाय व्यवस्थित भागतं.

कंपोनंट लिहिता येतात असं धरून चालतो. उदाहरणाला घाऊक दुकानाच्या ऑर्डरींचं पान घेऊ.

१. मालक ठरवा. पानावरची प्रत्येक गोष्ट कागदावर लिहा आणि तिच्यासमोर तिचा मालक लिहा. ऑर्डरींची यादी सर्व्हरची. "फक्त बाकी ऑर्डरी" हा फिल्टर यूआरएलचा. मेनू उघडा आहे की बंद, हे त्या कंपोनंटचं. एकूण रक्कम स्टेटमध्ये ठेवायचीच नाही, यादीवरून दर वेळी मोजायची.

२. कंपोनंटचं ते यूजस्टेटमध्ये (स्टेट ठेवणारा हुक). यादी असेल तर पुश करू नका, नवी अ‍ॅरे द्या. अ‍ॅरे तीच राहिली तर रिअ‍ॅक्टच्या लेखी काही बदललेलंच नसतं.

३. फिल्टर यूआरएलमध्ये. रिफ्रेश केल्यावरही टिकतो आणि लिंक दुसऱ्याला पाठवता येते.

४. सर्व्हरचा डेटा. इथे सावकाश चला.

बहुतेक धडे सांगतात: यूजइफेक्टमध्ये (रेंडर झाल्यावर काम करणारा हुक) फेच करा, म्हणजे सर्व्हरकडून डेटा मागवा, उत्तर यूजस्टेटमध्ये टाका. मीही वर्षभर तेच केलं. ग्राहकाचं नाव शोधताना 'पा' लिहिलं की एक विनंती जाते, 'पाटील' पूर्ण झालं की दुसरी. उत्तरं त्याच क्रमाने येतील याची हमी कुणी देत नाही. 'पा'चं उत्तर उशिरा आलं की शोधाच्या खोक्यात 'पाटील' आणि खाली पाटणकर, पानसरे सगळे. तुमच्या लॅपटॉपवर सर्व्हरही तिथेच असतो, म्हणून हे दिसत नाही. गावाकडच्या नेटवर्कवर दिसतं. इफेक्टच्या क्लीनअपमध्ये (इफेक्ट पुन्हा चालण्याआधी चालणारा भाग) ब्राउझरच्या अ‍ॅबॉर्टकंट्रोलरने जुनी विनंती रद्द करायला हवी, आणि ते धड्यात बहुधा नसतं.

दुसरी चूक मला जास्त महागात पडली. ऑर्डरींची यादी मी पान उघडताना एकदाच आणून रिडक्समध्ये ठेवली होती. दुकानात दोन काउंटर. एकावर ऑर्डर 'रवाना' झाली, दुसऱ्याच्या पडद्यावर ती 'बाकी'च राहिली आणि तोच माल दुसऱ्यांदा गाडीत चढला. तेव्हा कळलं, की माझ्याकडे होती ती यादी नव्हे, यादीची झेरॉक्स. झेरॉक्स शिळी होते. ती कधी बदलायची, हे ठरवणं हेच इथलं खरं काम.

ते काम हाताने करू नका, टॅनस्टॅक क्वेरी ही सर्व्हरचा डेटा आणून साठवणारी लायब्ररी वापरा. प्रत्येक क्वेरीला, म्हणजे डेटाच्या मागणीला, की (key, ओळखीची खूण) असते आणि उत्तर त्या कीखालीच साठतं, म्हणून 'पा'चं उत्तर 'पाटील'च्या जागी घुसत नाही. उत्तर ज्या ज्या गोष्टीवर अवलंबून आहे ती प्रत्येक गोष्ट कीमध्ये हवी: शोधशब्द, फिल्टर, पान क्रमांक. एक राहिली, की फिल्टर बदलतो आणि यादी जुनीच दिसते.

मग स्टेलटाइम, म्हणजे डेटा किती वेळ ताजा धरायचा ते. तो मुळात ० असतो, म्हणजे डेटा आल्या क्षणी शिळा धरला जातो आणि तुम्ही दुसऱ्या टॅबवरून परत आलात की पुन्हा मागवला जातो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधल्या विनंत्या बघून लोक घाबरतात आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून हे सगळं बंद करतात. तसं करू नका. प्रत्येक डेटाचा स्टेलटाइम वेगळा ठरवा: ऑर्डरींना काही सेकंद, जिल्ह्यांच्या यादीला दिवसभर. आकडा मिलिसेकंदांत द्यायचा असतो. जीसीटाइम ही वेगळी गोष्ट आहे: कुणीही वापरत नसलेला डेटा मेमरीत किती वेळ राहील, ते तो ठरवतो. मुळात तो ५ मिनिटं असतो.

ऑर्डर बदलली, की म्युटेशन (सर्व्हरवर बदल करणारी विनंती) यशस्वी झाल्यावर इनव्हॅलिडेटक्वेरीज बोलवा, म्हणजे साठलेली यादी शिळी धरली जाईल. यादी स्वतः दुरुस्त करत बसू नका, सर्व्हरला विचारा.

आणि हे करून झाल्यावर तोच डेटा इफेक्टमधून यूजस्टेटमध्ये उतरवू नका. मी तपासलेल्या कोडमध्ये ही चूक मला सर्वांत जास्त वेळा सापडली आहे. अपवाद फक्त दुरुस्तीच्या फॉर्मचा: तिथे सुरुवातीची व्हॅल्यू म्हणून डेटा द्या आणि फॉर्मला ऑर्डर क्रमांकाची की (ही क्वेरीची नव्हे, रिअ‍ॅक्टची key) लावा, म्हणजे ऑर्डर बदलली की फॉर्म नव्याने सुरू होईल.

५. उरलेलं. लॉगिन केलेला माणूस, निवडलेली भाषा: रिअ‍ॅक्टचा कॉन्टेक्स्ट (वरून दिलेली व्हॅल्यू खालच्या कुठल्याही कंपोनंटला वाचू देणारी सोय) पुरे. सतत बदलणारी आणि अनेक ठिकाणी लागणारी गोष्ट मात्र कॉन्टेक्स्टमध्ये नको, कारण व्हॅल्यू बदलली की ती वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो. तिच्यासाठी झुस्टांड ही स्टेट ठेवायची छोटी लायब्ररी घ्या आणि प्रत्येक कंपोनंटमध्ये लागेल तेवढाच तुकडा वाचा.